209 आणि 210 मधला फरक

पाऊस सुरू झाला की घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला चार जणांनी पाठवला. मजकूर साधारण असा: एसयूव्ही घेताना तीनच गोष्टी बघा. क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर) 200 मिमीच्या वर, इंजिनाची ताकद 120 बीएचपीच्या वर, आणि मड-सँड मोड (चिखल-वाळूसाठीची सेटिंग). एवढं असलं की गाडी चिखल, वाळू, पाणी, कशातूनही निघते. फोर बाय फोरवर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीवर, पैसे घालवू नका.

शेवटचं वाक्य बऱ्याच घरांसाठी खरं आहे. बाकीचं वाचून कुणीतरी पोराबाळांसकट गाडी पाण्यात घालेल, याची मला खरोखर भीती वाटते.

आधी क्लिअरन्स. 2017 साली टाटाची नेक्सॉन आली तेव्हा तिचा आकडा होता 209 मिमी. मारुतीच्या जिम्नीचा आहे 210. फरक एका मिलिमीटरचा. तरी जिम्नी जिथे चढते त्या दगडधोंड्यांच्या वाटेवर नेक्सॉन घाल, असं कुणी जाणकार सांगणार नाही, कारण ती त्या कामासाठी बनवलेलीच नाही. जिम्नीचा पुढचा कोन 36 अंश आहे, महिंद्राच्या थारचा 41.8. म्हणजे उभा चढ आला तर बंपर टेकायच्या आत चाक चढाला भिडतं. मागचा कोन आणि दोन चाकांमधल्या पोटाखालचा कोन हेही तितकेच महत्त्वाचे. या तीन कोनांबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

आणि माहितीपत्रकातला आकडा बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा असतो. आमच्या गावच्या घराकडे शेवटचे दीडशे मीटर गाडीवाट आहे; दोन बाजूंना चाकोऱ्या, मध्ये गवताचा उंचवटा. एकटा गेलो की गाडी निमूट जाते. गणपतीला पाच माणसं आणि डिकीभर सामान घेऊन गेलो, तर त्याच उंचवट्यावर सायलेन्सर खर्रकन घासला. अंगणात पोचल्यावर मागच्या चाकाच्या कमानीखाली टेप लावला, मग सगळ्यांना उतरवलं, सामान काढलं आणि पुन्हा मोजलं. साडेचार सेंटिमीटरचा फरक! कुटुंबाची गाडी कुटुंब बसवूनच मोजायला हवी.

आता बीएचपी. जिम्नीचं इंजिन 105 पीएसचं (पीएस आणि बीएचपी जवळजवळ सारखेच), टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर 134 एनएम. टाटाच्या हॅरिअरचं डिझेल 170 पीएस आणि 350 एनएम. मेसेजच्या हिशेबाने हॅरिअर चिखलात कितीतरी पुढे असायला हवी. पण जिम्नीला लो रेंज आहे: वेगळा लिव्हर ओढला की चाकाचा वेग साधारण निम्मा होतो आणि ओढ दुप्पट. चिखलात चाक सावकाश फिरलं तर पकडतं, जोरात फिरलं तर स्वतःचा खड्डा खणतं. म्हणून रुतलेल्या गाडीत ताकद नुसती वाढवून उपयोग नसतो.

ताकद लागते ती घाटात. पाच माणसं, एसी चालू, पुढे उसाचा ट्रॅक्टर, आणि ओलांडायला थोडाच मोकळा रस्ता. तिथे 0 ते 100 किती सेकंदांत हे कामाला येत नाही. 40 वरून 80 ला गाडी किती पटकन जाते ते येतं. टेस्ट ड्राइव्हला घरची माणसं बसवून न्या आणि एखाद्या चढाच्या उड्डाणपुलावर हेच करून बघा.

मोडचं थोडक्यात सांगतो. डिझेल हॅरिअरमध्ये रफ आणि वेट मोड आहेत, पण ताकद जाते पुढच्याच दोन चाकांना. मोडने अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद बदलतो, घसरणारं चाक आवरलं जातं. मागची चाकं काही ओढायला लागत नाहीत. कोकणातल्या किनाऱ्यांवर रुतलेल्या एसयूव्हींच्या बातम्या येतच असतात. मऊ वाळूत मोडपेक्षा टायरमधली हवा कमी करणं जास्त उपयोगाचं, पण मग ती परत भरायला पंप जवळ हवा.

सगळ्यात धोक्याचं म्हणजे पाणी. क्लिअरन्स म्हणजे पाण्यातून जाण्याची खोली नव्हे. ती वेगळी सांगितलेली असते. थारची 650 मिमी आहे. त्यातही वाहत्या पाण्याचा हिशेब निराळा. अमेरिकेची हवामान सेवा वर्षानुवर्षं सांगते आहे की फूटभर वाहतं पाणी छोट्या गाड्या वाहून नेऊ शकतं आणि दोन फूट पाणी एसयूव्हीसुद्धा. फरशी पुलावरून गढूळ पाणी जात असताना खाली पूल शाबूत आहे की नाही हेही दिसत नाही. हवेच्या नळीतून पाणी इंजिनात गेलं तर पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिन संरक्षणाची जोड घेतलेली नसेल तर विम्यातूनही हा खर्च सहसा मिळत नाही.

फोर बाय फोर नको, हे बऱ्याच जणांसाठी बरोबर आहे. वर्षाचे साडेतीनशे दिवस डांबरावर जात असतील तर तेच पैसे चांगल्या टायरांवर घाला. चारही चाकांना ताकद असली तरी ओल्या उतारावर गाडी लवकर थांबत नाही. थांबवतात ते टायर आणि ब्रेक.

आमच्या गाडीवाटेच्या तोंडाशी आता सगळे उतरतात. आई तेवढी पुढच्या सीटवर बसून राहते, मुलं पिशव्या घेऊन चालतात, आणि मधल्या गवताच्या उंचवट्याला सायलेन्सर लागत नाही.