बिबड्यांचा राखणदार

एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी जळगावातल्या एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या टीचभर सावलीत, डोक्याला ओला रुमाल गुंडाळून आणि हातात काळा फडका बांधलेली काठी घेऊन बसलेला सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ दिसला, तर तो मी. ऑफिसात मला साहेब म्हणतात. इथे मी बिबड्यांचा राखणदार आहे. माझी नेमणूक मोठमायने 1986 च्या उन्हाळ्यात केली. ती जाऊन चौदा वर्षं झाली, पण मला मोकळं करायचं राहूनच गेलं.

मोठमाय म्हणजे आजी. आणि बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड नव्हेत. पुण्याचे पाहुणे तसं म्हणतात. आम्ही त्यांना तळून वाढतो, पण मनातून उतरवतो. ज्वारी ओलवून, कांडून, भरडून दोन-तीन दिवस भिजत घालायची. ती आंबली की त्या वासाने मांजरसुद्धा घर बदलतं. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका दरवर्षी न चुकता विचारतात, “उंदीर मेलाय का हो कुठे?” मग मोठ्या पातेल्यात आधणाचं पाणी, लसूण, मिरची, तीळ, मीठ, आणि त्यात ते भरडलेलं ओतून लाकडी दांड्याने रटरटा घाटायचं. हा झाला घाटा; तोच थापून उन्हात वाळवला की बिबडे. वाटीत गरम घाटा घ्यावा, मधे बोटाने खड्डा करावा आणि त्यात शेंगदाण्याचं कच्चं तेल ओतावं. पुढचं लिहीत नाही, आत्ता उपाशी आहे.

आमचं गाव अमळनेरजवळ, बोरी नदीच्या काठी. घर धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. पहाटे तिथे आजोबांची जुनी धोतरं ओली करून अंथरली जायची आणि मोठमाय ओल्या हाताने बिबडे थापत सुटायची. एक गोळा, हात पाण्यात, चार थापा, पुढचा गोळा. उन्हं वर यायच्या आत अर्धं धोतर भरलेलं. एवढं झालं की मला वर बोलावून ती कोपऱ्यात बसवायची. “बठ आठे. उठस्नी जाऊ नको.”

खानदेशातलं ऊन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की इथे बातमी होत नाही, फक्त रस्ते रिकामे होतात. मी ऊन लागतंय म्हटलं की मोठमाय म्हणायची, “ऊन बिबडास्ले लागाले पाहिजे. तुले काय व्हस?” या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

सगळी घाई आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत संपवायची असायची, कारण आखाजीला आत्या माहेरी येणार, कडुनिंबाला झोके बांधले जाणार आणि परतताना प्रत्येकीच्या पत्र्याच्या डब्यात बिबडे गेलेच पाहिजेत. दोन आत्या सुरतेला दिलेल्या. तापीकाठच्या पॅसेंजरमधून गुजरातेत किती बिबडे गेले असतील याचा हिशेब रेल्वेकडे नसेल, मोठमायकडे होता.

ती शाळेत गेलेली नव्हती. विसाविसांनी मोजायची आणि प्रत्येक विसाला भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढायची. सकाळी थापून झाले की एकदा, संध्याकाळी एकदा. (हीच हिशेबी बाई पैशाच्या बाबतीत मात्र साफ चुकली. 1945 साली अमळनेरात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. तिचे शेअर ज्यांनी पेटीत टाकले आणि विसरले, ते पुढे कोट्यधीश झाले. आजोबांनाही कोणीतरी विचारलं होतं म्हणे. मोठमायचं मत पडलं की तूप गाय देते, कागद देत नाही. आमच्या पेटीत बिबडे राहिले.)

राखणदार म्हणून माझी पहिली कामगिरी म्हणजे चोरी. त्यात माझा दोष कमी. दुपारी अकराच्या सुमाराला बिबडा वरून कडक आणि आतून अजून घाटाच असतो. या अवस्थेतला बिबडा पुढ्यात ठेवून आठ वर्षांच्या पोराला राखण करायला लावणं हेच मुळात चुकीचं. संध्याकाळी मोजणीत चार कमी भरले. मी म्हटलं, कावळ्याने नेले. मोठमायने माझ्या फुगलेल्या अर्ध्या चड्डीकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, “कावयास्ले खिसा ऱ्हास का रे भो?”

पण पुढच्याच दिवशी माझ्या लक्षात आलं की ती दुसऱ्या रांगेपासून मोजते. कठड्यालगतची पहिली रांग सकाळीही मोजायची नाही, संध्याकाळीही नाही. मी काय समजायचं ते समजलो. त्यानंतर दरवर्षी मी पहिल्या रांगेतलेच खाल्ले आणि ती कधी बोलली नाही. ही हकीकत मी आजवर शंभरदा सांगितली आहे. तिच्या दहाव्याला सांगितली तेव्हा सुरतेची आत्या ढसाढसा रडली.

माझी बायको साताऱ्याची. लग्न झालं तेव्हा तिला बिबडा म्हणजे बिबट्याचं पिल्लू वाटलं होतं. मोठमायने तिला तीन उन्हाळे हाताशी धरलं आणि आता ती खुद्द मोठमायपेक्षा कडक आहे. धोतरांच्या जागी जुन्या सुती साड्या आल्या, कोळशाच्या जागी मोबाईल, राखणदार तोच. यंदा मुलीने मोबाईलवर ससाण्याचा आवाज लावून दिला. कावळे उडाले नाहीत, उलट टाकीवरची कबुतरं ऐकायला खाली उतरली.

संध्याकाळी बायको वर आली आणि मोजू लागली. दुसऱ्या रांगेपासून. माझ्या घशात आवंढा आला. म्हटलं, “मोठमाय पण अशीच मोजायची गं. पहिली रांग माझ्यासाठी सोडायची.”

“अहो, कसली तुमच्यासाठी,” ती मान वर न करता म्हणाली. “कठड्यावर कबुतरं बसतात. पहिल्या रांगेवर घाण पडते, ती गुरांना घालायची, असं त्यांनीच शिकवलंय मला. आपल्याकडे गुरं नाहीत म्हणून मी फेकून देते.”

मी काही बोललो नाही. अकरा वाजता मी त्यातले तीन खाल्ले होते.