प्रो. प्रा. सौ.

पतिराज, बसा. चहा विचारत नाही. चहाने माझं काय केलं ते पुढे येईलच.

तुम्हाला धंदा करायचाय. साहेबाचा कंटाळा आलाय, हिंजवडीच्या रांगेत क्लच दाबून दाबून डावा गुडघा कामातून गेलाय. डोक्यात कल्पना आहे, मोबाइलमध्ये मेव्हण्याने पाठवलेला व्हिडिओ आहे, नाही ते फक्त भांडवल. अशा वेळी फार लांब शोधू नये, स्वयंपाकघरात डोकावावं. ओट्यापाशी कणीक तिंबत उभी आहे ना, ती 'महिला उद्योजक' आहे. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही, एवढंच.

आधी हिशेब बघू. प्रधानमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून चालू आहे. खुल्या प्रवर्गातले तुम्ही पुणे शहरातून दहा लाखांचा प्रकल्प घेऊन गेलात, तर अनुदान १५ टक्के आणि पदरचे घालायचे १० टक्के. तीच फाइल घरच्या बाईच्या नावाने गेली की अनुदान २५ टक्के आणि पदरचे फक्त ५. म्हणजे नावाआधी 'सौ.' लागल्याबरोबर एक लाख वाढले आणि खिशातले पन्नास हजार वाचले. सोळा सोमवार करूनही इतकं रोख फळ मिळत नाही. ग्रामीण भागात तर अनुदान ३५ टक्के, त्यामुळे मुळशीकडे सासुरवाडी असलेल्यांचा मला पहिल्यापासून हेवा वाटतो.

यात दोन गोम आहेत. अनुदान हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून कुलूपबंद राहतं. आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ. तुमच्या धंद्यासाठी तिचं नाव खर्ची पडलं की तिच्या धंद्याला तिचं नाव उरत नाही. पण तिला कुठे धंदा करायचाय?

एवढी वाट बघवत नसेल तर मुद्रा कर्ज योजना आहे. ८ एप्रिल २०१५ला सुरू झाली. पन्नास हजारांपर्यंत 'शिशु', पाच लाखांपर्यंत 'किशोर', दहा लाखांपर्यंत 'तरुण'. २०२४मध्ये वीस लाखांपर्यंतचा 'तरुण प्लस' आला. ते नाव वाचून ही सोय खास पन्नाशीच्या माणसांसाठी असावी असं मला वाटलं होतं; पण 'तरुण'चं कर्ज घेऊन नीट फेडलेल्यांनाच ते मिळतं म्हणे. मुद्राची जवळजवळ दोन तृतीयांश खाती बायकांच्या नावावर आहेत, हे सरकार कौतुकाने सांगतं. त्यातल्या कितीतरी जणी खरोखरच स्वतः दुकान चालवतात, पहाटे उठून मार्केट यार्डातून माल आणतात, हप्ता वेळेवर भरतात. त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. आपला संबंध 'नावावर' या शब्दापुरता.

मोठी उडी घेणाऱ्यांसाठी २०१६ साली 'स्टँड अप इंडिया' आली होती. दहा लाख ते एक कोटींचं कर्ज, आणि बँकेच्या प्रत्येक शाखेने निदान एका महिलेला द्यायचंच. भागीदारीतला धंदा असेल तर ५१ टक्के वाटा बाईचा, किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा, हवा. अट ऐकून घाबरणारे नवरे मी पाहिलेत. अहो, उरलेल्या ४९ टक्क्यांत शंभर टक्के निर्णय घ्यायची सवय आपल्याला लग्नापासूनच नाही का?

आता बँकेत कसं जायचं ते सांगतो. इथे निम्म्यांची फाइल अडकते.

बँकेत तिला घेऊन जावं लागतं, त्याला इलाज नाही. टेबलासमोर दोन खुर्च्या असतात. साहेबांच्या बरोबर समोरची तुमची. फायलींच्या गठ्ठ्याआडची, पंख्याचा वारा न लागणारी तिची. साहेब विचारतात, "मॅडम, व्यवसायाचा काही अनुभव?" तिचे ओठ हलायच्या आत आपण म्हणायचं, "मीच सगळं बघतो, साहेब." साहेबांना हायसं वाटतं. त्यांचाही धंदा कोणीतरी असाच बघत असणार. कधी कधी मात्र टेबलापलीकडे बाई अधिकारी निघते. ती पेन खाली ठेवते आणि म्हणते, "त्यांना बोलू द्या." अशा वेळी गाडीची किल्ली विसरल्याचं निमित्त करून उठावं आणि दुसऱ्या शाखेत जावं.

सह्यांसाठी कारकून पेन्सिलीने फुल्या मारून देतो. चाळीसेक असतात. सौ. तिसऱ्या पानावर थबकून वाचायला लागल्या तर प्रेमाने म्हणावं, "वाचतेस कशाला? फुली आहे तिथे कर." हे वाक्य पाठ करून ठेवा.

मग कागदपत्रं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पॅनवर मधे वडील, आणि रेशनकार्डावर सासूबाईंनी सांगितलं ते. या चौघी एकच बाई असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला दोन दिवस मोडतात. लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने मी हिचं नवं नाव लिहिलं होतं, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. पुढे केवायसी आहे हे भटजींनीसुद्धा सांगितलं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना मोबाइल नंबरचा. तिथे तुमचा नंबर घाला. सही तिची, फोटो तिचा, कर्ज तिचं, हे सगळं चालतं; ओटीपी तिच्याकडे गेला की मात्र मालकी गेली.

काही ठिकाणी चुकूनही पाऊल टाकू नका, आणि दुर्दैवाने त्यातली बरीच आपल्याच आसपास आहेत. भगिनी निवेदिता सहकारी बँक १९७४ पासून पुण्यात आहे आणि बायकाच चालवतात. मेधा पुरव-सामंत यांच्या अन्नपूर्णा परिवाराने १९९३ साली इथल्या भाजीवाल्या बायकांना छोटी कर्जं द्यायला सुरुवात केली. त्याआधी त्यांच्या आई प्रेमाताईंनी मुंबईत खानावळवाल्या बायकांना एकत्र आणलं होतं. म्हणजे ही घराण्याचीच खोड. तिकडे म्हसवडला तर कहर झाला. अंगठेबहाद्दर बायका बँक काय चालवणार म्हणून रिझर्व्ह बँकेने माणदेशी बायकांचा अर्ज आधी नाकारला. त्या गप्प घरी बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याज तोंडी सांगतो, तुमच्या साहेबांना आमच्याबरोबर बसवा म्हणाल्या. १९९७मध्ये बँक उभी राहिली. अशा ठिकाणी कर्ज मागणारीलाच प्रश्न विचारतात. आपलं काम होत नाही.

केंद्र सरकारनेही एकदा हौस केली होती. १९ नोव्हेंबर २०१३ला खास भारतीय महिला बँक काढली. जेमतेम साडेतीन वर्षं माहेरी राहिली बिचारी. १ एप्रिल २०१७ला तिला स्टेट बँकेच्या घरी दिली. नावही बदललं, रीतीप्रमाणे.

बचत गट हा तर उघड शत्रू समजा. महिन्याला शंभर-दोनशे टाकणाऱ्या दहा-बारा बायका, शेकडा दोन व्याज, आणि ते व्याजही पुन्हा त्यांच्याच पेटीत. नाबार्डने १९९२मध्ये हे गट बँकांना जोडून दिले तेव्हापासून त्यांची भीड चेपली. बँकेतला साहेब 'प्रकल्प अहवाल' मागतो, तो झेरॉक्सवाल्याकडे तयार मिळतो. गटातली बाई विचारते, "कशाला पाहिजेत?" याचा तयार नमुना कुठेच मिळत नाही.

असो. एवढं मार्गदर्शन करायचा अधिकार मला कसा, असं तुमच्या मनात आलं असेल. माझं 'अमृततुल्य' होतं.

पुण्यात चौकाचौकात नवी अमृततुल्यं उघडत होती तेव्हाची गोष्ट. मी एक फ्रँचायझी घेतली. मुद्राचं 'किशोर', चार लाख, हिच्या नावाने. तारण लागलं नाही. दुकानाच्या डिपॉझिटला मात्र पैसे कमी पडले, म्हणून हिच्या पाटल्या ठेवल्या. सोनं संकटासाठी असतं म्हणतात. मी संकटच उभं करत होतो, म्हणजे ते नियमात बसलं. पाटीवर खाली बारीक अक्षरात 'प्रो. प्रा. सौ.' आणि पुढे तिचं पूर्ण नाव. उद्घाटनाला तिने नारळ फोडला. मालक म्हणून तेवढंच.

तिने दुकानाची जागा आधी एकदा पाहिली होती. घरी येऊन दुधाच्या हिशेबाच्या कागदामागे आकडे मांडत बसली. भाडं बावीस हजार. दहा रुपयांच्या कपात फार तर चार सुटणार. "म्हणजे नुसत्या भाड्यापुरतेच रोज १८४ कप हवेत," ती म्हणाली, "आणि त्या गल्लीत दहानंतर कुत्रं फिरत नाही." मी हसलो. तिला व्यवहारातलं कळत नाही हे मला मागच्या बावीस वर्षांपासून माहीत होतं. त्यातली वीस वर्षं घर तिने माझ्याच पगारात चालवलं होतं, पण तो व्यवहार नव्हे.

सरासरी नव्वद कप गेले. त्यातले दहा मी प्यायलो. पित्त तेव्हापासून आहे. चौदा महिन्यांनी शटर खाली आलं. हप्ता होता पावणेनऊ हजारांच्या आसपास.

माझं काय चुकलं ते आता सांगतो, म्हणजे तुम्ही सावध राहाल. हप्ता चुकल्याचे मेसेज माझ्याच फोनवर येत होते, इथपर्यंत योजना चोख होती. मी ते वाचून पुसत होतो. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं, आणि मग बँक फोनवर विसंबत नाही, रजिस्टर्ड पत्र पाठवते. पोस्टमन दुपारी आला. मी दुपारी घरी नव्हतो. ही चूक. तुम्ही रजा काढा, पण दुपारी घरी थांबा. त्या एका कागदावर तिने फुली नसताना सही केली.

रात्री जेवताना काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एकटी बँकेत गेली. कोणत्या खुर्चीत बसली मला माहीत नाही. तिथल्या माणसाने सांगितलं, थोडी रक्कम सोडून सेटलमेंट करता येईल. तिने विचारलं, "मग माझ्या सिबिलवर काय येईल?" तो म्हणाला, 'सेटल्ड' असं येईल. 'क्लोज्ड' यायला किती भरावे लागतील? सगळे. "मग सगळे भरते," म्हणाली. सिबिल म्हणजे काय हे मला त्या रात्री तिने समजावलं. कर्ज कसं फेडता त्याचे ३०० ते ९०० मार्क असतात, आणि माझ्या चहाचे मार्क तिच्या नावापुढे लागले होते.

नवं कर्ज द्यायला कुठलीच बँक तयार होईना. तेव्हा ती त्या उघड शत्रूकडे गेली. जुन्या पिको मशीनसाठी वीस हजार मागितले. गटात पहिला प्रश्न आला तो ठरलेलाच. दुसरा असा की, "मिस्टर बसणार आहेत का मशीनवर?" नाही म्हटल्यावर पैसे मिळाले. ही अट इतिवृत्तात लिहून घेतली आहे. मी ते पान पाहिलं आहे. अक्षर फार सुंदर आहे.

लक्ष्मी रोडवरच्या साडीच्या दुकानांना फॉल-पिको करून देणारी बाई सतत हवी असते, लग्नसराईत तर रात्री अकराला फोन येतात. ती दिवसाला आठ-दहा साड्या हातावेगळ्या करते. शालू वेगळे ठेवते, त्यांना हातशिलाईच. गठ्ठे ने-आण करायला माणूस लागतो, आणि घरात एक माजी चहावाला रिकामाच होता. सध्या सम-विषम तारखेचं पार्किंग मला पंचांगापेक्षा पाठ आहे. दुकानदार मला गठ्ठा देताना म्हणतात, "मॅडमना सांगा, गुरुवारी पाहिजे." माझं नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही. चहाचं कर्ज तीन वर्षांनी 'क्लोज्ड' झालं. पाटल्या त्यानंतर सुटल्या. तिने त्या हातात घातल्या नाहीत, लॉकरमध्ये ठेवल्या आणि किल्ली कुठे ठेवली ते सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात आणखी तीन मशिनी आणि धनकवडीत एक गाळा घ्यायचा म्हणून आम्ही बँकेत गेलो. दोन खुर्च्या होत्या. समोरचीत ती बसली. अधिकारी नवा पोरगा होता, पण शिकवण जुनीच. माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, व्यवसाय नेमका काय आहे?"

मी तोंड उघडलं.

"ते डिलिव्हरी बघतात," ती म्हणाली, आणि वर्षभराची वही त्याच्यासमोर सरकवली. कोणत्या दुकानाच्या किती साड्या, कोणाची उधारी किती, सगळं. तो बराच वेळ वाचत होता. मधेच तिच्या पर्समधला फोन वाजला. ओटीपी आला होता.

स्कोअर अजून थोडा कमी पडतो, सहकर्जदार लागेल, असं तो म्हणाला. कागदांचा गठ्ठा माझ्याकडे आला. पेन्सिलीच्या फुल्या होत्या, ओळखीच्या. मी खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि तिसऱ्या पानावर नेमकं काय लिहिलंय ते बघायला लागलो.

"अहो," ती म्हणाली, "वाचताय कशाला? फुली आहे तिथे करा."