ॲसिड फरशीला मारा, माझ्या ॲलॉयला नको

माझ्या मोटरसायकलच्या काळ्या ॲलॉयवर, म्हणजे ॲल्युमिनियमच्या चाकांवर, पांढरे ओघळ. पुढच्या चाकाला कमी, मागच्याला जास्त. आणि वॉशिंग सेंटरचा मालक मला सांगतो, "साहेब, बोरचं पाणी हाय. खारं. वाळलं की डाग दिसणारच."

खाऱ्या पाण्याचे डाग मला सांगतो! अर्धं सोलापूर बोरच्या पाण्यात भांडी घासतं. खाऱ्या पाण्याचा डाग वर बसतो. हा नखानं खरवडला तरी हलत नाही, कारण वरचा कोट गेलाय आणि आतलं ॲल्युमिनियम खाल्लं गेलंय.

विजापूर रोडचं वॉशिंग सेंटर. मे महिन्याची भर दुपार, गाडी नुकतीच उन्हातनं आलेली, चाकाला हात लावला तर चटका बसावा. पोरानं आधी पाणीसुद्धा मारलं नाही. बिनलेबलच्या बाटलीतनं पिवळट काहीतरी थेट तापल्या रिमवर फवारलं. फेस आला, नाकात झणका गेला, डोळ्यांतनं पाणी. "काय मारतो बे हे?" तर म्हणे, "ॲलॉय क्लीनर, साहेब. आत्ता चमकतंय बघा." डोंबलाचं क्लीनर! संडासाच्या फरशीला मारतात त्याच ॲसिडचा वास. मी थांब म्हणेपर्यंत दोन्ही चाकांवर मारून झालं होतं. तापलेल्या धातूवर ते जास्त जोरानं चावतं आणि धुवायच्या आत वाळून बसतं. ॲल्युमिनियमला ॲसिड चालत नाही, कॉस्टिक सोडाही चालत नाही. दोन्ही त्याला खातात. जे हे लोक दिवसभर हातात धरतात त्याची एवढीही माहिती नसावी?

आणि ॲसिड एक वेळ बाजूला ठेवतो. त्यानंतर जे झालं त्यानं माझं डोकं फिरलं. गाडी डबल स्टँडवर, इंजिन चालू, पहिला गिअर, मागचं चाक गरगर फिरतंय, आणि हे मिसरूड न फुटलेलं पोर पॉलिशचं फडकं रिमला दाबून उकिडवं बसलेलं. फडक्याचं एक टोक सुटून चेनच्या बाजूला फडफडतंय. ते टोक चेन आणि स्प्रॉकेटच्या, म्हणजे तिच्या दातेरी चक्राच्या, मध्ये गेलं की मागनं बोटं जातात. चेन थांबत नाही, माणूस ओरडेपर्यंत काम झालेलं असतं. मी धावत जाऊन चावी बंद केली. तर मालक गल्ल्यावरनं म्हणतो, "रोजचं हाय त्याचं, काय होत नाही." त्याची स्वतःची बोटं नोटा मोजण्यात होती ना!

फिरत्या चाकाची गरजच काय? इंजिन बंद, चावी खिशात, चाक गार. आधी नुसतं पाणी, म्हणजे खडीची बारीक कच वाहून जाते, नाहीतर तीच कच फडक्याखाली रिमवर रेघा ओढते. मग बादलीत शाम्पू, मऊ ब्रश, चाक हातानं थोडं थोडं फिरवत. धुवा, पुसा, झालं. पॉलिश सगळ्या रिमला लागतही नाही. रंगाच्या किंवा क्लिअर कोटच्या, म्हणजे वर पारदर्शक थर असलेल्या, ॲलॉयला मेटल पॉलिश घासलं की आहे ती चकाकी जाते. ते उघड्या ॲल्युमिनियमला आणि क्रोमला. ओळखणंही सोपं आहे. रिम चंदेरी असेल तर कोपऱ्यात थोडं पॉलिश घासून बघा, फडकं लगेच काळं पडलं तर ॲल्युमिनियम उघडं. पण विचारतो कोण? सगळ्यांना एकच बाटली, एकच फडकं.

तेच फडकं त्यानं पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर फिरवलं. दिसायला छान दिसते म्हणून! तिथनं निघालो, आसरा चौकात पुढचा ब्रेक दाबला तर गाडी पुढेच. समोर रिक्षा, बाजूला दोन लेकरं घेतलेली बाई. मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबली. पॉलिश ब्रेकच्या पॅडमध्ये मुरलेलं, पॅड नवीन टाकावे लागले.

यांचे उद्योग आजचे नाहीत. पाण्याच्या प्रेशरची गन थेट चाकाच्या एक्सलवर धरतात, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन पाणी आत जातं, आणि पुढे चाकाचा घरघर आवाज यायला लागला की "रस्तेच खराब हायत." चेनला डिझेल मारतात, त्यात वरचं वंगण धुऊन जातं. टायरला पॉलिश रस्त्याला टेकणाऱ्या भागावरसुद्धा! पहिल्याच वळणावर माणूस आडवा. शेजारचे काका वेगळेच. त्यांच्या जुन्या गाडीच्या स्पोकच्या रिमला ते बाथरूमचं ॲसिड लावतात, निपलपाशी, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या नटापाशी, गंज फुटला की कंपनीला शिव्या घालतात आणि मला म्हणतात, "तू लावून बघ."

रोज नळाला पाणी येत असतं तर मी या लोकांच्या दारात गेलो नसतो. घरी प्यायचं पाणी साठवायचं की चाकं धुवायची?

पॅडचे पैसे मागितले तर मालक काय म्हणाला? "पुढचं वॉशिंग फ्री देतो, साहेब."

तुझं फुकटचं वॉशिंग तुझ्याकडंच ठेव. ती बाटली फेक, आणि त्या पोराला पुन्हा चालू चाकापाशी बसवू नको. पॅडचे पैसे घ्यायला मी येणार आहेच.