युद्ध जाहीर नाही, मग पकडलेला जवान बेवारस?

वानवडीच्या माझ्या आत्याचा नातू खडकवासल्याच्या प्रबोधिनीतून फौजेत गेलाय. परवा तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरला: ‘युद्ध अधिकृतपणे जाहीर झालं नसेल तर पकडलेला जवान युद्धकैदी ठरत नाही, जिनिव्हा करार लागत नाहीत, परमवीर चक्र मिळत नाही, आणि संसदेने घोषणा केल्याशिवाय लढाई बेकायदाच.’ आत्याच्या डोळ्याला रात्रभर डोळा नाही. पाठवणारीला मात्र छान झोप लागली असणार.

आधी कैद्याचं, कारण बाकी नुसतं अज्ञान आहे आणि हे घातक आहे. १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांत दुसरं कलम सारखंच आहे. करार जाहीर युद्धाला लागू आहेतच; शिवाय करारातल्या देशांमध्ये पेटलेल्या इतर कुठल्याही सशस्त्र संघर्षालाही लागू आहेत, मग त्यातल्या एकाने युद्धस्थिती मान्य केली नाही तरी. भारत आणि पाकिस्तान दोघेही या करारांना बांधील आहेत. म्हणजे ‘आम्ही कुठे युद्ध पुकारलंय?’ ही पळवाट तेव्हाच बुजवून टाकलेली. जपानने १९३७ पासून चीनशी वर्षानुवर्षं लढूनही युद्ध जाहीर केलं नव्हतं, ते जग विसरलं नव्हतं.

कारगिल तरी कुठे जाहीर होतं? २७ मे १९९९ ला पाकिस्तानच्या हाती लागलेले फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता आठवड्याभरात रेड क्रॉसमार्फत सुटले. आता, करार लागू असला म्हणजे पाळला जातोच असं नाही, हे कबूल. त्याच कारगिलमध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि त्यांच्या साथीदारांचे पकडल्यावर जे हाल झाले, ते आठवलं की आजही रक्त उसळतं. पण तो कायद्याचा भंग होता. कायदाच नव्हता, असं म्हणणं म्हणजे भंग करणाऱ्याला मोकळं सोडणं.

संसदेचा मुद्दा? आपल्या घटनेत अशी अट कुठेच नाही. युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसला देणारी घटना अमेरिकेची. तिथेही शेवटची घोषणा १९४२ ची. कोरिया, व्हिएतनाम, इराक सगळं त्यानंतरचं आणि घोषणेविना.

परमवीर चक्राबद्दल तर बोलायलाच नको. कारगिलची चार, सियाचीनचे बाना सिंग, श्रीलंकेत धारातीर्थी पडलेले मेजर परमेश्वरन. यातलं कुठलं युद्ध जाहीर होतं?

घोषणेला एके काळी वजन होतं, एवढं मान्य करतो. १९०७ च्या हेग करारात आगाऊ स्पष्ट इशारा दिल्याशिवाय लढाई सुरू करू नये असं होतं आणि तटस्थ देशांनाही कळवायचं होतं. पण १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने स्वसंरक्षण किंवा सुरक्षा परिषदेची परवानगी सोडून बळाचा वापरच निषिद्ध ठरवला. मग आपणहून युद्ध पुकारून आक्रमक असल्याचा शिक्का कोण मारून घेईल? म्हणून जो तो ‘कारवाई’ करतो.

आणि काळजीच करायची हौस असेल तर घरातली खासगी अपघात विम्याची पॉलिसी काढा. बऱ्याच पॉलिसींत बारीक अक्षरात ‘युद्ध, जाहीर असो वा नसो’ वगळलेलं असतं. विमा कंपन्यांना हे केव्हाच कळलंय.