निऑन पुसलं तरी सायबरपंक उरतं

सायबरपंक या विज्ञानकथांच्या प्रकाराबद्दल सध्या व्हॉट्सॲपवर एक पोस्ट फिरतेय. सोबत एआयनं काढलेली लातूरची चित्रं: जांभळे दिवे, धो धो पाऊस, गंजगोलाईवरून उडणाऱ्या गाड्या. खाली तीन दावे. सायबरपंक म्हणजे निऑन, पाऊस आणि गगनचुंबी इमारती. त्यातली गोष्ट कायम माणूस विरुद्ध यंत्र. आणि म्हणून मराठवाड्यात तसलं काही घडूच शकत नाही, इथं पाऊसच कुठाय!

पहिला दावा घेऊ. हे रूप रूढ झालं ते मुख्यतः १९८२च्या 'ब्लेड रनर' या चित्रपटामुळे. (त्याची गोष्ट नोव्हेंबर २०१९ची. तो महिना येऊन गेला, गाड्या अजून रस्त्यावरच आहेत.) पण त्यातल्या पावसाला, धुराला आणि न संपणाऱ्या रात्रीला एक साधं कारणही होतं. चित्रीकरण स्टुडिओतल्या जुन्या रस्त्याच्या सेटवर चाललं होतं आणि सेटचा खोटेपणा झाकायचा होता. पुढे 'ब्लेड रनर २०४९'मधलं लास वेगास नारिंगी धुळीत बुडालेलं दिसतं, 'सायबरपंक २०७७' या गेममध्ये शहराबाहेर उघडं वाळवंट आहे. तरी शैली ओळखू येते. कशावरून? जुन्यावर चढवलेल्या नव्यावरून. डिझायनर सिड मीड यांनी पहिल्या चित्रपटाचे रस्ते रंगवताना जुन्या इमारती तशाच ठेवून त्यांच्या अंगावर नळ, वायरी, यंत्रं लटकवली. लॉस एंजेलिसमधली १८९३ सालची ब्रॅडबरी बिल्डिंगही त्यात आहे. आणि निऑन म्हणाल तर ती जाहिरात असते. आकाशसुद्धा कंपन्यांनी अडवलंय, हे सांगणारी. एवढं कळलं की विहिरीवरचा मोबाईलनं चालणारा स्टार्टर आणि शेजारीच तारेवर टाकलेला आकडा, एवढ्यावर चित्र उभं राहतं. जांभळा रंग लागत नाही.

दुसरा दावा सगळ्यात चुकीचा. विल्यम गिब्सनच्या 'न्यूरोमॅन्सर' (१९८४) या कादंबरीचा नायक केस हा माहितीचोर. मालकांचाच माल लांबवला म्हणून त्यांनी त्याची मज्जासंस्था निकामी केली. संगणकाच्या जगात शिरणं बंद, म्हणजे पोटच बंद. मग एक जण त्याला बरं करतो, पण रक्तवाहिन्यांत विषाच्या पिशव्या ठेवूनच. काम वेळेत झालं तर त्या निघतील. नाही तर विरघळतील आणि केस पुन्हा होता तसा. या सगळ्यामागचा सूत्रधार एक कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. केस तिच्याशी लढत नाही, तिच्यासाठी राबतो.

धारूर-वडवणीकडच्या वाचकाला हे समजावून सांगावं लागू नये. ही ऊसतोडीची उचल आहे. मुकादमाकडून पैसे आधी घ्यायचे आणि फिटेपर्यंत कोयता चालवायचा. केसची उचल शरीरात शिवलेली, एवढाच फरक. तंत्र वरचं आणि जिणं खालचं, हे या प्रकाराचं मर्म. यंत्र वाईट की चांगलं हा प्रश्न दुय्यम. ते कुणाच्या ताब्यात आहे आणि त्याची किंमत कुणाच्या अंगातून वसूल होते, हा पहिला.

आता तिसरा. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागली होती. त्याच उन्हाळ्यात मद्य कारखान्यांचं पाणी कापायला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. पाऊस नाही म्हणून गोष्ट नाही म्हणता? पाऊस नाही तिथंच तर पाणी कुणाचं, हा प्रश्न उघडा पडतो.

याला मी सायबरपंक म्हणत नाही. दुष्काळ तो दुष्काळच, त्याला परदेशी लेबल लावायची हौस मला नाही. पण सरकारी टँकरला जीपीएस लागलेलंच आहे. उद्या कुठल्या गावाला किती खेपा, हे एखाद्या कंपनीचा अल्गोरिदम ठरवू लागला, आणि मोबाईल रिपेअरिंगच्या टपरीत बसणारं एखादं पोरगं ती यादी रात्रीतून खालीवर करायला शिकलं, तर? त्या पोराला पैसे कोण देतंय आणि त्याच्यावर कुणाची उचल आहे, इथून गोष्ट सुरू करता येते.