टायरवरची क्रेन ही गरीब बंदराची तडजोड नव्हे

पुण्यातील निर्यातदार, वाहतूकदार आणि निवृत्त अभियंते यांच्या व्हॉट्सॲप गटांतून सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. बंदरातील टायरवर चालणारी, गोल फिरणारी क्रेन (हार्बर मोबाइल क्रेन, बंदरात जिला एचएमसी म्हणतात) ही गरीब बंदराची तडजोड आहे, कंटेनरच्या काळात तिला काम उरलेले नाही, ‘शंभर टनी’ म्हणून ती विकली जाते पण लांबवर त्याच्या निम्मेही उचलत नाही आणि टायरवर उभी असल्याने ती कलंडते व धक्काही खचवते, असा त्याचा आशय आहे. कोकणातील लहान बंदरांनी यापुढे रुळांवरच्या गँट्रीच (धक्क्यावर उभ्या राहणाऱ्या, कंटेनर उचलण्यासाठीच्या मोठ्या चौकटीच्या क्रेन) उभाराव्यात, असा निष्कर्ष त्यातून काढला आहे. कंटेनरमध्ये न मावणारी यंत्रसामग्री पुण्यातून परदेशी रवाना करण्याच्या कामात मी अनेक वर्षे आहे. हा निष्कर्ष रुजला तर नुकसान आपल्याच भागातील कारखान्यांचे होईल, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

‘शंभर टनी’च्या फसवणुकीचा आरोप सर्वांत गंभीर आहे, त्यामुळे आधी तोच घेतो. फिरत्या बूमच्या (भार उचलणाऱ्या लांब हाताच्या) कोणत्याही क्रेनची क्षमता एका आकड्यात सांगता येत नाही. तिच्यासाठी लोड चार्ट, म्हणजे कोणत्या अंतरावर किती भार उचलता येईल याचा तक्ता असतो. क्रेनच्या मध्यापासून हूक जितका दूर जाईल, तितका तोच भार तिला अधिक जोराने पुढे ओढतो. हिशेबापुरते पाहिले तर २० मीटरवर १०० टन म्हणजे २,००० टन-मीटर, आणि ४० मीटरवर तेवढाच परिणाम ५० टनांनी होतो. आडव्या झालेल्या बूमचे वजन धरले तर प्रत्यक्ष आकडा त्याहूनही खाली येतो. लीबहेर कंपनीच्या एलएचएम ८०० या टायरवरच्या क्रेनची कमाल क्षमता ३०८ टन आणि कमाल पोहोच ६४ मीटर आहे. मात्र हे दोन्ही आकडे एकाच वेळी मिळत नाहीत, हे लोड चार्ट वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. शिवाय स्प्रेडर (कंटेनर पकडणारी चौकट), ग्रॅब (सुटा माल उपसणारा पंजा), बीम आणि स्लिंग (भार बांधण्याचे दोर किंवा पट्टे) यांचे वजनही त्याच क्षमतेतून वजा होते. ग्रॅबच्या कामात तर क्षमता आणखी कमी धरली जाते, कारण एखादा जड नग कधीमधी हूकने उचलणे आणि कोळसा किंवा खत तासन्‌तास उपसत राहणे यांत पोलादाला येणारा थकवा फार वेगळा असतो. हे सारे छापील असते, आणि केबिनमधील यंत्रणा भार व अंतर सतत मोजून मर्यादेबाहेरची हालचाल थांबवते. चार्ट न मागता केवळ नावातील आकड्यावर बुकिंग झाले असेल, तर चूक बुकिंग करणाऱ्याची आहे.

कंटेनरविषयीचे म्हणणे अर्धे खरे आहे. एकामागून एक कंटेनर उतरवण्यात गँट्री या क्रेनपेक्षा वेगवान आहे, याबद्दल माझा वाद नाही. न्हावा शेवासारख्या बंदरात तिचीच गरज आहे. परंतु ४० फुटी कंटेनरची आतली रुंदी साधारण २.३५ मीटर आणि लांबी १२ मीटर असते. पुणे परिसरात तयार होणारे बॉयलरचे भाग, डिस्टिलरीचे उंच कॉलम, मोठी प्रेस मशीन किंवा साखर कारखान्याची यंत्रे या मापात बसत नाहीत. असा नग हायड्रॉलिक ॲक्सलच्या ट्रेलरवरून घाट उतरून धक्क्यावर येतो, तेव्हा त्याला उचलून, हवेत वळवून, जहाजाच्या हॅचमध्ये (माल आत सोडण्याच्या तोंडात) नेमक्या दिशेने ठेवावे लागते. गँट्रीची ट्रॉली सरळ रेषेत पुढेमागे जाते. फिरत्या क्रेनला मात्र हूक, ग्रॅब किंवा स्प्रेडर यांपैकी हवे ते साधन लावता येते. सकाळी खताचे जहाज रिकामे करून ती दुपारी शेजारच्या बर्थवर कंटेनर किंवा स्टील कॉइल उतरवू शकते. ज्या बंदरात कोणत्या आठवड्यात कोणता माल येईल याची खात्री नसते, तिथे एकाच कामासाठी बांधलेली गँट्री बहुतेक दिवस रिकामी उभी राहील.

कलंडण्याच्या दाव्याबरोबर एक चित्रफीत जोडलेली आहे. ती २ मे २०२० रोजी जर्मनीतील रोस्टॉक बंदरात घडलेल्या घटनेची आहे. त्यात मोडलेली क्रेन टायरवरची नव्हतीच. समुद्रातील पवनचक्क्यांच्या कामासाठी बांधलेल्या ‘ओरायन’ नावाच्या जहाजावर बसवलेली ती ५,००० टनी क्रेन होती. अतिभार चाचणी चालू असताना तिचा हूक तुटला आणि भार अचानक सुटल्याने बूम उलट दिशेने मागे फेकला गेला. त्यावरून एचएमसीविषयी काहीही सिद्ध होत नाही. मुळात एचएमसी टायरवर उभी राहून माल उचलतच नाही. टायर केवळ जागा बदलण्यासाठी असतात. काम सुरू करण्यापूर्वी चारही बाजूंचे आउटरिगर, म्हणजे आधाराचे पाय, बाहेर काढून, जॅकच्या आधाराने तिचा भार रुंद पॅडवर घेतला जातो.

धक्क्याचा मुद्दा मात्र मी गांभीर्याने घेतो, कारण मजकुरातील सर्वांत खरी काळजी तीच आहे. बूम एका कोपऱ्यावर वळला की त्या कोपऱ्याच्या पॅडवर इतरांपेक्षा कितीतरी अधिक भार येतो, आणि जुन्या धक्क्याचा स्लॅब त्यासाठी बांधलेला असेलच असे नाही. अशा ठिकाणी स्ट्रक्चरल अभियंत्याकडून तपासणी झाल्याशिवाय क्रेन उभी करू नये, गरज पडल्यास मोठे पॅड वापरावेत किंवा धक्का मजबूत करावा. पण गँट्रीने ही अडचण सुटत नाही. तिचेही वजन चाकांतून रुळांवर येते, रुळांखाली भक्कम बीम आणि जमिनीत खोल रोवलेले खांब (पाइल) लागतात, आणि जुन्या धक्क्यावर हे काम नव्याने करणे पॅड मोठे करण्यापेक्षा फार खर्चिक आणि वेळखाऊ असते.

क्रेनच्या निवडीवर हिरिरीने लिहिणाऱ्या पुण्यातील मंडळींना माझी एक विनंती आहे. आपल्या शॉपमधून नग बाहेर पडण्यापूर्वी त्यावर खरे वजन आणि गुरुत्वमध्याची खूण ठळक रंगवावी, उचलण्याच्या लगची (स्लिंग अडकवण्याच्या कड्यांची) जागा ड्रॉइंगवर दाखवावी आणि ते ड्रॉइंग ट्रेलरच्या आधी बंदरात पोहोचवावे, म्हणजे चार्टवरील कोणते अंतर लागू होईल हे तिथल्या माणसांना स्लिंग बांधण्यापूर्वीच ठरवता येईल.