म्हणे, अडीच हजारांत डिस्चार्ज बुक दुरुस्त!

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. वर तिरंगा, खाली लाल बाणांची रांग. मजकूर थोडक्यात असा: सरकारचा नवा आदेश आलाय, डिस्चार्ज बुक (फौजेतून बाहेर पडताना मिळतं ते पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधार यांत एका अक्षराचाही फरक असेल तर महिनाअखेरीस पेन्शन कायमची बंद. म्हणून मूळ डिस्चार्ज बुक आणि मोबाइलवर येणारा ओटीपी 'आमच्या प्रतिनिधी'कडे द्या, अडीच हजारांत नाव, जन्मतारीख, कॅरेक्टर म्हणजे वागणुकीचा शेरा, सगळं दुरुस्त. जन्मतारीख मागे नेली तर पेन्शनही वाढेल. आणि 25 वर्षांपूर्वीचं रेकॉर्ड फौजेने जाळून टाकलंय, तेव्हा रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहून काही उपयोग नाही.

असल्या मेसेजला मी एरवी उत्तर देत बसत नाही. पण परवा अमळनेर तालुक्यातून मावशीचा फोन आला. काका तोफखान्यात हवालदार होते, त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मावशी रडकुंडीला आलेली. "भाऊ, मनं नाव चुकनं शे म्हने. पेन्शन बंद पडी जाई का? हाई पुस्तक दी टाकू का त्यासले?" पुस्तक पिशवीत घालून ती निघायच्याच बेतात होती. माझी सगळी नोकरी फौजेत क्लार्क म्हणून गेली. या कागदांतूनच हयात काढली, म्हणून लिहितो.

आधी ती महिनाअखेरीची धमकी. असा कुठला आदेश, कुठल्या तारखेचा, क्रमांक काय, हे मेसेजमध्ये कुठेही नाही. दरवर्षी द्यावा लागतो तो हयातीचा दाखला. तो दिला नाही तर पेन्शन थांबते आणि दिल्यावर थकबाकीसह पुन्हा सुरू होते. नावातल्या वेलांटीशी त्याचा संबंध नाही. या दाखल्याची भीती लोकांच्या मनात आधीच असते, मेसेज करणाऱ्याने तीच नावाला चिकटवली.

आता मुख्य गोष्ट, मूळ पुस्तक प्रतिनिधीकडे देण्याची. हे वाचून खरंच डोकं फिरतं.

डिस्चार्ज बुक म्हणजे काय ते आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 23 मध्ये सरळ लिहिलंय. जवान किंवा जेसीओ (सुभेदार वगैरे हुद्द्याचा) नोकरीतून बाहेर पडला की त्याच्या कमांडिंग ऑफिसरने त्याला प्रमाणपत्र द्यायचं, त्याच्या मातृभाषेत आणि इंग्रजीत. त्यात तीन गोष्टी हव्यात: कुणाच्या अधिकाराने नोकरी संपली, कशामुळे संपली आणि एकूण नोकरी किती झाली. देणारा कोण, तर कमांडिंग ऑफिसर. नोटरी नाही, तहसीलदार नाही, आणि बसस्टँडसमोर टेबल टाकून बसलेला प्रतिनिधी तर नाहीच नाही. बायकोमुलांची नावं, पदकं, कोर्स ही बाकीची पानं रेकॉर्डवरून उतरवलेली असतात. मूळ नोंद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात, शीट रोल म्हणजे जवानाच्या सेवेच्या नोंदपत्रात. पेन्शन ज्या कागदावर चालते तो पीपीओ प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयातून निघतो. आपल्या पेटीतलं पुस्तक ही आपल्याकडची प्रत. ते अमळनेरात बसून 'दुरुस्त' करणं म्हणजे तलाठ्याचं दप्तर तसंच ठेवून घरातल्या सातबाऱ्याच्या नकलेवर पेनाने दोन एकर वाढवणं.

पारोळ्याकडच्या एका नायकसाहेबांचं पुस्तक मी स्वतः हातात घेऊन पाहिलंय. बायकोचं नाव रेकॉर्डात आणि पुस्तकात 'लीलाबाई', आधारवर 'लीला'. कुणा हुशार माणसाने 'बाई'वर व्हाइटनर फासला, शेजारी निळ्या बॉलपेनने सही ठोकली आणि वर नोटरीचा गोल शिक्का मारला. पान उजेडात धरलं की टाइपरायटरची जुनी अक्षरं खालून जशीच्या तशी दिसतात. रेकॉर्ड ऑफिसात लीलाबाई आहे तशीच आहे. म्हणजे आधी पुस्तक रेकॉर्डशी जुळत होतं, आता ज्या रेकॉर्डवरून ते उतरवलंय त्याच्याशीच जुळत नाही. नावाचा प्रश्न एका अर्जाने सुटला असता. आता सरकारी प्रमाणपत्रावर खाडाखोड कुणी केली, याचा खुलासा आधी करायचाय. पैसे घेणारा माणूस अर्थातच फोन उचलत नाही.

ओटीपीचं तर विचारूच नका. स्पर्श या फौजी पेन्शनच्या सरकारी पोर्टलवर पेन्शनरचा मोबाइल नंबर, बँक खातं, पत्ता सगळं असतं. तो आकडा दुसऱ्याला सांगणं म्हणजे पेन्शनचं खातंच त्याच्या हवाली करणं. मदत हवी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, जळगावला आहे, धुळ्यालाही आहे. स्पर्शची कामं सीएससी म्हणजे गावोगावच्या कॉमन सर्व्हिस सेंटरातही होतात आणि त्याचा खर्च संरक्षण लेखा विभाग देतो, पेन्शनर नाही. हे अडीच हजार कशाचे?

नावाचा फरक मात्र खरा आहे, एवढं मान्य करावं लागेल. आपल्या घराघरांत तो आहे. फौजेत भरती होताना नाव आणि आडनाव एवढंच लिहिलं, इकडे शाळेत मधे वडिलांचं नाव. बायकोचं माहेरचं नाव वेगळं, लग्नात बदललेलं वेगळं, आधारवर तिसरंच. त्यात कागद करणारा क्लार्क हिंदी पट्ट्यातला असला की 'पाटील'चं 'पाटिल' झालंच समजा. जवान गेल्यावर फॅमिली पेन्शनच्या वेळी यामुळे चकरा पडतात, उशीर होतो. पण नावात अक्षर चुकलं म्हणून विधवेचा हक्क बुडत नाही. गॅझेटमध्ये छापायला पळायचीही सरसकट गरज नाही. 'शांता' आणि 'शांताबाई' ही दोन नावं एकाच बाईची, असं शपथपत्र आणि पुराव्याचे कागद, एवढ्यावर बहुतेक कामं भागतात. नाव मुळातूनच वेगळं असेल तर गॅझेट मागू शकतात. कोणते कागद लागतील ते आधी रेकॉर्ड ऑफिसला विचारा, मग खर्च करा.

अर्ज कुणाला? 'ऑफिसर इन-चार्ज रेकॉर्ड्स', ज्या रेजिमेंटचा जवान त्या रेजिमेंटचे. तोफखाना असेल तर नाशिक रोड, मराठा लाइट इन्फन्ट्री बेळगाव, महार रेजिमेंट सागर, बॉम्बे सॅपर्स खडकी. वर आर्मी नंबर, हुद्दा, नाव. सोबत डिस्चार्ज बुकच्या पानांच्या झेरॉक्स, पीपीओ, आधार, पॅन, बँक पासबुक. झेरॉक्स म्हणतोय मी, मूळ नाही! अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवला तर उत्तम. रेकॉर्ड ऑफिस पडताळणी करून प्रयागराजला लिहितं, तिकडून दुरुस्तीचा पीपीओ निघतो, ज्याला सगळे कॉरिजेंडम म्हणतात. वेळ लागतो, हे खरं. म्हणूनच एजंटचं फावतं.

जन्मतारखेचं आमिष जरा चलाखीचं आहे. पेन्शनरचं वय 80 झालं की मूळ पेन्शनवर 20 टक्के वाढ मिळते, 85 ला 30, 90 ला 40, आणि शंभरीला पेन्शन दुप्पट. म्हणून तारीख चार वर्षं मागे न्या, असा सल्ला. भरतीच्या वेळी स्वतः सांगून लिहिलेली तारीख नोकरी संपल्यावर बदलून मागणं कोर्टात टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये हरनाम सिंग प्रकरणात, तिथे विषय मुलकी नोकरीचा होता, उशिरा आलेली अशी मागणी फेटाळली होती. बायकोच्या जन्मतारखेची गोष्ट वेगळी. ती जुन्या पीपीओवर कित्येकदा नसतेच, किंवा अंदाजे टाकलेली असते. आपल्याकडे तर गुरुजींच्या कृपेने अर्धं गाव 1 जूनला जन्मलंय. ती नोंद आधार, मतदार ओळखपत्र, शाळेचा दाखला लावून रीतसर करून घेता येते आणि घ्यावीच, कारण 80 नंतरची वाढ फॅमिली पेन्शनलाही आहे.

कॅरेक्टर 'गुड'चं 'एक्झेम्प्लरी' करून देतो, यावर काय बोलणार? तो शेरा नोकरीतल्या वागणुकीवर कमांडिंग ऑफिसर देतो. पेन्शन हुद्द्यावर आणि नोकरीच्या वर्षांवर मोजतात, शेऱ्यावर नाही. पुढे.

राहिलं 25 वर्षांचं. यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते जास्त घातक. जे पेन्शन न मिळता बाहेर पडले, त्यांचे सर्व्हिसचे कागद 25 वर्षांनंतर नष्ट करायचा नियम आर्मी रेग्युलेशनमध्ये आहे. पेन्शनरांना तो लागू नाही. आणि नष्ट झाले तरी लाँग रोल नावाच्या नोंदवहीतली नोंद राहते: नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज. मावशीसारख्या पेन्शन चालू असलेल्या घरांनी या वाक्याला अजिबात भ्यायचं कारण नाही. पण ज्यांचे वडील किंवा आजोबा 15 वर्षं पुरी व्हायच्या आत घरी आले, पेन्शन नाही, नोंदीत चूक आहे, त्यांनी मात्र आता थांबू नये. माहिती अधिकारात 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून रेकॉर्ड ऑफिसकडे शीट रोलची प्रत मागा, नसेल तर लाँग रोलचा उतारा मागा. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. त्यात नेमकं काय लिहिलंय ते आधी बघा, दुरुस्तीचा अर्ज त्यानंतर करा. अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती त्याच डिस्चार्ज बुकात ठेवा.